ढाणकीचं कार्ड

लग्नानंतर दीपाचं सामान दिग्रसहून घाटंजीला टेम्पोनं आलं, तेव्हा त्यात एक मोठं खोकं होतं. खोक्याच्या चारही बाजूंना तिच्या भावानं जाड पेननं ‘सांभाळून’ असं लिहून ठेवलं होतं. शेजारणीनं ते पाहून इन्व्हर्टर असल्याचं जाहीर केलं. दीपाच्या सासूबाई, कौसल्याबाई, यांना वाटलं शिलाई मशीन असेल. दीपाचा नवरा संघदीप लग्नाआधी तिला दोनदाच भेटला होता, आणि बायकोच्या खोक्यात काय आहे हे विचारावं की विचारू नये हे त्याला ठरवता येत नव्हतं.

दीपानं ते स्वतःच उघडलं. आतून एका बाजूला काच असलेला काळा कॉम्प्युटर निघाला, मग पडदा, मग कीबोर्ड, मग कान पूर्ण झाकतील एवढे हेडफोन.

“ऑफिसचं काम करतं का यावर?” कौसल्याबाईंनी विचारलं.

खोटं बोलून सुरुवात करायची दीपाला इच्छा नव्हती. “नाही आई. गेम खेळते.”

कौसल्याबाईंची सगळी नोकरी अंगणवाडीत गेली होती. खेळणं ही वाईट गोष्ट आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “मंग इथं खिडकीपाशी मांड. वारा लागते.”

दीपा यवतमाळला बीसीए करत असताना होस्टेलच्या चार मुलींनी मिळून एक संघ केला होता. कॉलेज संपलं, चौघी चार गावांना गेल्या, पण संध्याकाळी इंटरनेटवर एकत्र येऊन त्या खेळायच्या. समोरच्या संघातही चौघं असायचे. ज्या संघातले सगळे आधी पडतील तो त्या फेरीत हरला. वर्ध्याची गौरी त्यांची कप्तान. दीपानं हा कॉम्प्युटर पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतला होता आणि आता त्याचं वय झालं होतं.

संघदीप पशुधन पर्यवेक्षक होता. आसपासच्या गावांत गाई-म्हशींचं लसीकरण, औषधपाणी, अडलेली बाळंतपणं यासाठी दिवसभर मोटरसायकलवर फिरायचा. लोक त्याला डॉक्टरच म्हणत. संध्याकाळी घरी आला की तो पलंगावर बसून दीपाचा खेळ बघायचा. त्याला काही कळायचं नाही, पण तिचा चेहरा बघायला त्याला आवडायचं. एरवी हळू आवाजात बोलणारी ही मुलगी हेडफोन लावले की “डावीकडून येऊन राह्यले दोघं, गौरी, भिंत सोडू नको,” असं ठणकावून सांगायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी खेळताना दीपाचा पडदा मध्येच थबकला. चित्र हललं तेव्हा ती मेलेली होती. हे रोजच होऊ लागलं होतं. तिनं हेडफोन काढून ठेवले, आणि लगेच गौरीचा फोन आला. दीपानं तो स्पीकरवर घेतला.

“दीपा, राग नको मानू,” गौरी म्हणाली. “स्पर्धा महिन्यावर आली. चांगले चांगले संघ आहेत यंदा. तू ऐन वेळी पुतळ्यासारखी उभी राह्यतेस.”

“मी नाही उभी राह्यत. कॉम्प्युटर राह्यते.”

“हाव, माहीत आहे मले. पण समोरचा गोळी मारायचा थांबत नाही ना. तेवढ्यात दुरुस्त झालं तर तूच खेळशीन. नाहीतर एक पोरगी पाहून ठेवली मी, नागपूरची.”

“ठीक आहे,” दीपा म्हणाली. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाच कणीक मळायला बसली. संघदीप थोड्या वेळानं मागोमाग आला, दारात उभा राहिला.

“थे बंद काहून पडते पण?”

“बंद नाही पडत. थबकते. आत एक ग्राफिक्स कार्ड असते. पडद्यावर जे जे दिसते, थे सगळं थे कार्ड काढते. माझं जुनं झालं. धापा टाकून राह्यलं बिचारं.”

धापा टाकणं संघदीपला बरोबर समजलं. “मंग बदलून टाकू.”

“नवीन कार्डाले बावीस-तेवीस हजार लागतात. अन् नुसतं कार्ड आणून नाही भागत. त्याले वीज जास्त लागते. आतला वीज पुरवणारा डबा हलका आहे, जोर पडला तर पूर्ण मशीनच बंद पडीन. वरून रॅमही कमी आहे.”

“रॅम म्हणजे?”

दीपा कणकेचे हात तसेच ठेवून विचार करत राहिली. “गव्हाण समजा. मोठी असली तर एका खेपेत जास्त चारा मावते. लहान असली तर घडीघडी भरा लागते, तोवर बैल उभा.”

“म्हणजे मोठा बैल आणला तर गव्हाण मोठी पाह्यजे, अन् वैरणीचाही बंदोबस्त पाह्यजे.”

“हाव. तसंच.”

लग्नात आलेल्या आहेरातून दोघांनी सव्वीस हजार बाजूला ठेवले होते. मार्चमध्ये महाबळेश्वरला जायचं होतं. त्यानं दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं, एक टोपीही घेतली होती. दीपाला ते माहीत होतं, म्हणून त्या पैशांचं नाव तिनं काढलं नाही. नाव त्यानंच काढलं.

“महाबळेश्वरचे आहेत ना आपल्यापाशी.”

“तुम्ही सगळ्याइले सांगतलं आहे.”

“सांगतलं तर सांगतलं.” मग त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा आलीच, ती त्यानं लपवली नाही. “मले जायचं होतं, खोटं कायले बोलू. पण तिथं जाऊन तू नागपूरच्या पोरीचाच विचार करत बसशीन.”

दीपा हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. “करीन, हे खरं आहे.”

दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळंच वारं शिरलं. संघदीप दुपारी डबा खाताना मोबाईलवर कॉम्प्युटर जोडणाऱ्या मुलांचे हिंदी व्हिडिओ बघू लागला. पारव्याच्या रस्त्यावर गाडी थांबवून त्यानं दीपाला फोन केला.

“साडेसहाशे वॅटचा डबा कायले पाह्यजे? हा पोरगा म्हणते साडेपाचशेचा पुरते.”

“कोण पोरगा?”

“व्हिडिओतला. चष्मेवाला. लय हुशार आहे.”

“पुरते. पण साडेपाचशेचा चांगल्या कंपनीचाच घ्या लागीन. स्वस्तातला नाही.”

“हाव, थेही म्हणला तो.”

त्यांची खरी भांडणं झाली ती दिव्यांवरून. संघदीपला रंगीत दिवे लागणारी रॅम फार आवडली होती. लाल, मग निळी, मग जांभळी. साधी रॅम त्याहून बरीच स्वस्त होती आणि कामाला तेवढीच.

“दिव्यानं काय होते?” दीपानं विचारलं.

“चांगलं दिसते.”

“मी पडद्याकडं पाह्यते. मशीनकडं कोण पाह्यते?”

“मी पाह्यतो ना. पलंगावरून मले मशीनच दिसते.”

कौसल्याबाई गवार मोडत ऐकत होत्या. “दिवाळीत एक माळ घेऊन देईन त्याले,” त्या म्हणाल्या, आणि दिव्यांचा विषय तिथंच मिटला. दीपानंही आपला हट्ट सोडला. तिला पडदाही बदलायचा होता. तो तिनं मनातून काढून टाकला. शेवटी तीन गोष्टी उरल्या. विजेचा डबा आणि रॅम नवीन, यवतमाळच्या दुकानातून. कार्ड मात्र जुनं, कुणाचं तरी वापरलेलं, पण चांगलं. नवं घेतलं तर बाकीच्या दोन्हींना पैसे उरत नव्हते.

जुनं कार्ड शोधायचं काम दीपानं घेतलं. मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत नागपूरची बरीच होती, पण कुणी बिल देत नव्हतं, कुणी तपासून देत नव्हतं. एकानं तर पैसे आधी पाठवा म्हणून सांगितलं. मग एका सकाळी तिला हवं तेच कार्ड दिसलं. ढाणकीचा कोणी भीमसिंग राठोड विकत होता, चौदा हजाराला. फोटोत खोकं होतं, बिल होतं, आणि मागं शेणानं सारवलेलं अंगण होतं.

तिनं फोन लावला.

“वहिनी, माझा लग्नाचे व्हिडिओ बनवायचा धंदा आहे,” भीमसिंग म्हणाला. “मोठं कार्ड घेतलं, म्हणून हे काढून राह्यलो. वॉरंटी अजून सात-आठ महिने आहे. पण नांदेडचा एक जण उद्या दुपारी येतो म्हणते. मी कोणाले शब्द नाही देला. जो पहिले येईन त्याले.”

दीपानं फोन ठेवला आणि थेट संघदीपच्या समोर जाऊन उभी राहिली. उद्या रविवार होता.

“ढाणकी म्हणजे उमरखेडच्याही पलीकडं,” तो म्हणाला. “सव्वाशे-दीडशे किलोमीटर होते.”

“हाव.”

“पहाटेच निघा लागीन.”

“हाव,” दीपा म्हणाली, आणि लगेच कपडे काढून ठेवायला गेली.

उजाडायच्या आत ते निघाले. थंडी अजून होती. कौसल्याबाईंनी दीपाच्या डोक्याला स्कार्फ असा गुंडाळला की फक्त डोळे दिसत होते. आर्णीला पोहोचेपर्यंत ऊन पडलं. तिथं चहा पिऊन ते मोठ्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना तुरीची कापलेली शेतं, हरभरा, मध्येच एखादा पेटल्यासारखा फुललेला पळस. लग्नानंतर दोघं एवढ्या लांब पहिल्यांदाच निघाले होते. वाऱ्यामुळे धड ऐकू येत नव्हतं तरी दीपा त्याच्या कानाशी बोलतच होती, कार्ड कसं तपासायचं ते समजावून सांगत होती.

“अर्धा तास जोरात चालवून पाहायचं. किती तापते पाहायचं. पडद्यावर ठिपके नाही आले पाह्यजे. अन् पंखे.”

“पंख्याचं काय?”

“दोन पंखे असतात त्याले. आवाज नाही आला पाह्यजे.”

महागाव मागं पडलं, उमरखेड आलं. नांदेडचा माणूस पोहोचला तर नसेल, या विचारानं दीपा प्रत्येक चारचाकीची नंबरप्लेट वाचत होती. ढाणकीच्या बाजारापासून थोडं पुढं भीमसिंगचं घर सापडलं तेव्हा तिनं आधी अंगणात बघितलं. एक मोटरसायकल होती, आणि ती घरचीच होती.

भीमसिंग पंचविशीचा, हसऱ्या तोंडाचा मुलगा होता. त्यानं आत वळून “याडी” अशी हाक मारली, तशी त्याची आई पाणी घेऊन आली. पुढच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर होता, भिंतीवर नवरा-नवरीचे मोठमोठे फोटो. त्यानं आपलं नवं कार्ड काढून जुनं लावून दाखवलं आणि तपासणी सुरू केली. पडद्यावर एक जंगल फिरू लागलं, पानापानावर ऊन चमकत होतं.

दीपा खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिली. तिनं आपल्या कॉम्प्युटरवर असं काही कधी पाहिलं नव्हतं.

“किती मस्त चालून राह्यलं,” ती म्हणाली. “एकदाही अडकलं नाही.”

संघदीपनं तिच्याकडे बघितलं. बैलबाजारात तो लसीकरणासाठी नेहमी जायचा. घेणाऱ्यानं जनावराची तारीफ केली की भाव कुठं जातो ते त्याला माहीत होतं. पण दीपा थांबायला तयार नव्हती. “अन् तापलंही नाही पाहा किती,” ती म्हणाली.

“मी सांगतलंच होतं वहिनी,” भीमसिंग खूश होऊन म्हणाला. “म्हणून चौदा हजार.”

त्याच वेळी भीमसिंगचे वडील आत आले. खांद्यावर दुपट्टा, पांढऱ्या मिशा. पाहुणा गुरांचा डॉक्टर आहे हे कळताच त्यांनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही.

“आमची म्हैस पाय टेकवून नाही राह्यली डॉक्टर. जरा पाहता का?”

तपासणीला अजून वेळ होता. संघदीप मागच्या गोठ्यात गेला. म्हशीच्या खुराच्या बेचक्यात एक लहानसा खडा रुतून बसला होता, भोवती सूज होती. त्यानं तो अलगद काढला, जखम धुतली, कोणतं औषध लावायचं ते सांगितलं. हात धुऊन परत आला तेव्हा जंगल फिरून संपलं होतं आणि दीपा भीमसिंगशी भावावरून बोलत होती, पण तिला बोलता येत नव्हतं. बारा म्हणायच्या जागी ती तेरा साडेतेरा म्हणून बसली होती.

संघदीप कार्डाजवळ वाकला. “हा एक पंखा टकटक करून राह्यला का?”

खरंच, एका पंख्याचा बारीक आवाज येत होता. दीपानं कान लावला. तिच्या इतक्या वेळ लक्षातच आलं नव्हतं.

“थे थोडंसं होते कधीमधी,” भीमसिंग म्हणाला. “चालायले काही फरक नाही.”

“पंखा बदलायले हजार-बाराशे लागतीन,” दीपा म्हणाली. या वेळी तिचा आवाज बरोबर लागला.

तेवढ्यात भीमसिंगचा फोन वाजला. नांदेडचा माणूस होता. हदगावपर्यंत आलो, म्हणाला. दीपानं संघदीपकडे बघितलं. भीमसिंगही गोंधळला. त्याला नांदेडवाल्याकडून चौदा मिळण्याची आशा होती, आणि यांना नाही म्हणायचं धाडसही होत नव्हतं. मग त्याचे वडील उठले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि संघदीपसमोर बसले.

“या पोराइले नाही जमणार. डॉक्टर, हात द्या.”

संघदीपनं बैलबाजारात व्यापाऱ्यांना हे करताना कितीदा पाहिलं होतं. दुपट्ट्याखाली दोघांचे हात, आणि बोटं दाबून भाव. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. स्वतः मात्र त्यानं हे कधी केलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला. म्हाताऱ्यानं दुपट्टा टाकला.

दीपाला फक्त कापड हलताना दिसत होतं. म्हाताऱ्यानं काहीतरी दाबलं, संघदीपनं मान हलवली. संघदीपनं दाबलं, म्हातारा हसला आणि दातांमधून आवाज काढला. भीमसिंग आणि दीपा दोघंही कार्डाबद्दल सगळं जाणणारे, पण इथं दोघंही शाळेतल्या पोरांसारखे उभे होते. जास्त ताणू नका, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

दुपट्टा निघाला.

“साडेबारा,” म्हातारा मुलाला म्हणाला. “खोक्यासकट. नांदेडवाल्याले फोन करून सांग, कायले पेट्रोल जाळते तो. अन् डॉक्टर, जेवूनच जा.”

संघदीपनं दीपाला विचारलं, “जमते का?”

दीपानं मान हलवली, मग पुन्हा हलवली.

परतीच्या सगळ्या वाटेनं तिनं ते खोकं ओढणीनं पोटाशी बांधून आणलं. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी ते वर उचलून धरायची, आणि संघदीपला मागून सूचना यायची की हळू घ्या. कौसल्याबाईंनी तिला तशी उतरताना पाहिलं आणि हसू दाबत त्या पाणी आणायला गेल्या.

विजेचा डबा आणि रॅम आठवड्याच्या मध्ये आलेल्या एका सुट्टीत यवतमाळहून आली. त्या संध्याकाळी जमिनीवर चादर अंथरून दीपा बसली. जुनं कार्ड काढलं, नवा वीजपुरवठा बसवला, रॅमची दुसरी पट्टी खटकन बसली. शेवटी तिनं ढाणकीचं कार्ड उचललं, आत नेलं, आणि थांबली.

“काय झालं?” संघदीपनं विचारलं.

“मावत नाही.”

कार्ड दोन बोटं जास्त लांब होतं. समोर हार्डडिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता. तो स्क्रूनं नाही, रिबिटं मारून पक्का केलेला. दीपानं कार्ड तिरकं करून पाहिलं, वरून पाहिलं, खालून पाहिलं. सगळं तपासलं होतं तिनं, भाव, वॅट, तापमान, पंखे. लांबी मोजायची राहून गेली होती.

“बाहेरचा सांगाडा नवा कितीचा येते?” संघदीपनं विचारलं.

“तेवढे नाही उरले.” ती चादरीवर मागं टेकली. “एवढी मोठी चूक कशी केली मी.”

कौसल्याबाईंनी चष्मा लावून आत डोकावून पाहिलं. “हा पत्रा कामाचा आहे का?”

“नाही. हार्डडिस्क खालीही ठेवता येते.”

“मंग काढून टाक ना. पेटीवाल्या चाचाकडं ने सकाळी.”

बाजाराच्या रस्त्यावर लोखंडी पेट्या आणि कोठ्या बनवणाऱ्या चाचांचं दुकान होतं. सकाळी दीपानं आतलं सगळं सामान काढून रिकामा सांगाडा तिथं नेला, कारण पत्र्याचा एक कण जरी आत राहिला तरी सगळं जळलं असतं. चाचांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “किस चीज की पेटी है ये बेटा?” त्यांनी विचारलं. दीपानं सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण ड्रिलनं एकेक रिबिट त्यांनी इतक्या अलगद उडवलं की रंगालाही ओरखडा आला नाही. पिंजरा निघाला. चाचांनी कापलेल्या कडा कानशीनं घासून दिल्या आणि पैसे म्हणून फक्त चहा घेतला.

घरी आल्यावर दीपानं सांगाडा ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसला. या वेळी कार्ड आत गेलं आणि टचकन जागेवर बसलं. मागच्या वायरी लावायचं काम संघदीपनं मागून घेतलं. दीपानं बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला.

दीपानं पुन्हा सुरू केलं. काळा. तिनं रॅम काढून परत बसवली, कार्ड दाबून पाहिलं. काळा. मग ती उठून मागच्या बाजूला गेली, वाकली, आणि तशीच वाकलेली हसू लागली.

“पडद्याची वायर कुठं लावली तुम्ही?”

“वर लावली. तसंच भोक होतं ना तिथं.”

“थे मशीनचं भोक आहे. आपल्याले कार्डाचं पाह्यजे.” तिनं वायर खालच्या जागी लावली आणि पडदा उजळला.

मग काय, दीपानं सरळ खेळच उघडला. डोंगर, धुकं, भिंतीवरचं शेवाळ, लांबवर उडणारी पाखरं, सगळं एकही धक्का न खाता सरकत होतं. तिनं मुद्दाम गर्रकन वळून पाहिलं. चित्र हाताबरोबर वळलं. “आई, इकडं या,” ती म्हणाली, “हे गवत पाहा, हालून राह्यलं.” तिनं गौरीला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, “नागपूरच्या पोरीले राहू दे म्हणा.”

पुढचे आठ-दहा दिवस त्या चौघी रोज सरावाला बसल्या. दीपाच्या बाजूला कौसल्याबाई खुर्ची टाकून बसायच्या, म्हणून दीपा हेडफोन काढून आवाज मोठा ठेवायची. हळूहळू त्यांना पडद्यावरचे आपल्या चौघींचे रंग कळू लागले, कोण पडली, कोण उरली ते कळू लागलं.

स्पर्धेची पहिली मॅच रविवारी दुपारी होती. पाच फेऱ्यांतल्या तीन जो जिंकेल तो पुढं. जेवणं उरकून तिघं पडद्यापुढं जमली, आणि संघदीपचा फोन वाजला. पारव्याजवळचा लखीराम नावाचा शेतकरी होता. त्याची गाय सकाळपासून अडली होती. संघदीप फोन धरून उभा राहिला, एकदा दीपाकडे, एकदा दाराकडे बघत.

“जा तुम्ही,” दीपा म्हणाली. “तिले कोण आहे दुसरं?”

तो पोहोचला तेव्हा गाय पार थकली होती. वासराचा एक पाय मागं दुमडला होता. संघदीपनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, पाय सरळ केला, आणि लखीराम आणि त्याची बायको दोघांना कळ आली की ओढायला सांगितलं. बऱ्याच झटापटीनंतर तांबडी कालवड बाहेर आली, शिंकली, डोकं हलवू लागली. लखीरामची बायको पोत्यानं तिला घासू लागली. आता गायीच्या पोटातली वार पडेपर्यंत संघदीपला थांबणं भाग होतं. त्यानं आईला फोन लावला. हात बरबटलेले, म्हणून फोन लखीरामनं धरला, स्पीकरवर.

“आई, काय चालू आहे?”

“दोन अन् दोन झाल्या,” कौसल्याबाईंचा आवाज आला. “आता शेवटची राह्यली.”

“थबकून राह्यला का कॉम्प्युटर?”

“कायले थबकते. पाण्यावानी चालून राह्यला. थांब, घरात शिरल्या चौघी. नाही, तिघीच. निळीवाली पडली.”

“कोन पडली?” लखीरामनं घाबरून विचारलं. “घरी कोनी आजारी हाय का डॉक्टर?”

“नाही हो. खेळ आहे. माझी बायको मॅच खेळून राह्यली, कॉम्प्युटरवर.”

लखीरामनं फोन दोघांच्या मधोमध आणला आणि आवाज मोठा केला. त्याची बायकोही वासराला घासता घासता जवळ सरकली.

“समोरचे दोघं पाडले गौरीनं,” कौसल्याबाई सांगत होत्या. “आता गौरीही पडली. अजून एक पडली आपली. एकटी दीपा उरली रे संघदीप. थे दोघं आहेत.”

“कुठं आहे दीपा?”

“पायऱ्याखाली बसली. हालत नाही. एक जण वरतून उतरून राह्यला, सावली दिसून राह्यली त्याची. त्याले माहीत नाही. अजून एक पायरी. अजून एक.”

फोनमधून धाड धाड आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग काहीच नाही.

“आई?”

“पडला,” कौसल्याबाई म्हणाल्या. “अन् दुसरा आवाज आयकून धावत आला, तोही पडला. जिंकली पोरगी. आता त्या चौघी सोबतच बोलून राह्यल्या, काही समजत नाही.”

लखीरामनं फोन छातीशी धरला आणि समाधानानं मान डोलावली. “काय भेटते जिंकल्यावर?” त्यानं विचारलं.

“सध्या काही नाही. पुढच्या रविवारी अजून एक मॅच.”

“तेव्हाही लावजा फोन मले,” लखीराम म्हणाला.

वार पडायला आणखी बराच वेळ लागला. संघदीप घरी आला तेव्हा दिवस कलला होता. लखीरामनं दिलेला चीक किटलीत भरून त्यानं हँडलला अडकवून आणला होता. दीपा दारातच उभी होती. त्यानं पायातले गमबूट काढायच्या आधीच तिनं पहिल्या फेरीपासून सांगायला सुरुवात केली, आणि तो किटली हातात धरून तसाच उंबऱ्यावर बसून ऐकू लागला.